नेमकं औषध आणि जागी केलेली प्रतिकारशक्ती: मूत्राशयाच्या कॅन्सरमधली एक जोडी

रेवाकाठ

मी फार्मासिस्ट आहे. अमेरिकेतल्या एका रुग्णालयात गेली अकरा वर्षं फक्त कॅन्सरची औषधं तयार करायचं काम करते. हातमोज्यांचे दोन जोड, वर गाऊन, समोर काच आणि काचेच्या आत हात. रुग्ण सहसा दिसत नाही. दिसतं ते लेबलवरचं वजन आणि औषधाचं नाव.

गेल्या काही काळापासून एकाच रुग्णाच्या नावाने दोन औषधं जोडीने माझ्यासमोर येतात: एन्फोर्टुमॅब वेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब. पहिलं औषध छोट्या बाटलीत पावडरच्या रूपात येतं. त्यात इंजेक्शनचं पाणी सोडायचं, पण धार पावडरीवर पडू द्यायची नाही, बाटलीच्या कडेने सोडायची. नंतर बाटली खळखळवायची नाही, हळूच गोल फिरवायची आणि बुडबुडे बसेपर्यंत एखादं मिनिट तशीच ठेवायची. अंड्याचा पांढरा बलक फेटला की परत पहिल्यासारखा होत नाही, तशीच गत या प्रथिनाची होऊ शकते. त्या एका मिनिटात माझ्या डोक्यात नेहमी येतं की या बाटलीत नक्की काय आहे हे घेणाऱ्याला कुणी नीट सांगितलं असेल का?

इथल्या ओळखीच्या दोन घरांतून मला फोन आले. दोघांनाही सांगितलं होतं, ‘हे टार्गेटेड आहे, साधी केमो नाही.’ दोघांनीही त्याचा अर्थ घेतला, ‘म्हणजे त्रास नाही.’ एका घरी अंगावर पुरळ उठलं तेव्हा चार दिवस कॅलामाइन लावत बसले, कारण टार्गेटेड औषधाने पुरळ कसं येईल? त्या चार दिवसांमुळे मी हा धागा काढतेय.

मूत्राशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर पसरला की कित्येक वर्षं पहिला उपचार एकच होता: जेमसायटाबिन आणि जोडीला सिसप्लॅटिन. किडनी तेवढी सशक्त नसेल तर कार्बोप्लॅटिन. औषध रक्तातून सगळीकडे जातं आणि जिथे पेशी भराभर वाढतात तिथे मारा करतं. गाठ मरते, तसंच केसांचं मूळही मरतं आणि आतड्याचं अस्तरही.

एन्फोर्टुमॅब वेडोटिनचे तीन भाग आहेत. एक अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंड. ते नेक्टिन-४ नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि हे प्रथिन या कॅन्सरच्या पेशींवर भरपूर असतं. दुसरा भाग विषाचा, एमएमएई. प्रत्येक अँटीबॉडीवर सरासरी चार रेणू. तिसरा भाग दोघांना बांधणारा दुवा. अँटीबॉडी पेशीला चिकटली की पेशी तिला आत ओढून घेते. आतली पाचक विकरं तो दुवा तोडतात आणि विष मोकळं होतं. पेशीचं विभाजन ज्या सूक्ष्मनलिकांच्या आधाराने होतं त्या नलिकाच ते बांधू देत नाही. मेलेल्या पेशीतून थोडं विष झिरपून शेजारच्या पेशीतही शिरतं. शेजारणीवर नेक्टिन-४ कमी असलं तरी तीही मरते.

हे विष आलं कुठून तेही सांगते, कारण मला ते फार आवडतं. हिंदी महासागरात गोगलगायीच्या जातकुळीचा एक मऊ प्राणी असतो, डोलाबेला ऑरिक्युलारिया. अमेरिकेतल्या ॲरिझोनाचे रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज पेटिट यांनी त्याच्यातून डोलास्टॅटिन-१० हा रेणू वेगळा काढला आणि १९८७ मध्ये त्याची रचना जगासमोर मांडली. पुढे कळलं की मूळ रेणू त्या प्राण्याचा नाहीच, तो खातो त्या नीलहरित जीवाणूंचा आहे. डोलास्टॅटिन-१० माणसांना नुसतंच देऊन पाहिलं होतं. जमलं नाही. गाठीला पुरेल इतका डोस शरीराला सोसेना. त्याच रेणूवरून बेतलेलं एमएमएई अँटीबॉडीवर चढवलं तेव्हा कुठे ते औषध झालं.

पेम्ब्रोलिझुमॅबचं काम वेगळं. आपल्या टी पेशींवर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. शरीराने स्वतःवरच हल्ला करू नये म्हणून तो आहे. कॅन्सरच्या पेशी तोच ब्रेक दाबून धरतात. हे औषध त्या ब्रेकवर जाऊन बसतं आणि गाठीला तो दाबता येत नाही. पीडी-१ चा शोध लावणारे तासुकु होन्जो आणि सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवर काम करणारे जेम्स ॲलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

पण ब्रेक सोडला म्हणून गाडी कुठे जायचं हे आपोआप कळत नाही. टी पेशीला आधी शत्रू ओळखता यायला हवा. पेशी गुपचूप मेली तर कुणाला पत्ता लागत नाही. काही विषं मात्र पेशीला अशा तऱ्हेने मारतात की मरताना तिच्या आतलं कॅलरेटिक्युलिन हे प्रथिन बाहेरच्या आवरणावर येतं, एटीपी आणि एचएमजीबी-१ हे आतले रेणू बाहेर सांडतात. आसपासच्या रोगप्रतिकारक पेशी त्या खुणेने धावत येतात, मेलेल्या पेशीचे तुकडे उचलतात आणि टी पेशींना नेऊन दाखवतात. एमएमएई अशा विषांपैकी आहे, असं प्रयोगशाळेतल्या अभ्यासांतून दिसलंय. म्हणजे एक औषध गाठ फोडून ओळख पटवतं आणि दुसरं ओळख पटलेल्यांना अडवणारा हात बाजूला करतं.

निकाल ऑक्टोबर २०२३ मध्ये माद्रिदला युरोपातल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या मोठ्या परिषदेत लंडनच्या थॉमस पाउल्स यांनी मांडले. चाचणीचं नाव ईव्ही-३०२, ८८६ रुग्ण. निम्म्यांना ही जोडी, निम्म्यांना जुनी केमो. केमो घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १६.१ महिने, जोडी घेणाऱ्यांचं ३१.५. तपासणीत गाठ पूर्ण दिसेनाशी झाली असे रुग्ण केमोत १२.५ टक्के, जोडीत २९.१ टक्के. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. त्याच वर्षी १५ डिसेंबरला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पसरलेल्या रोगासाठी ही जोडी पूर्णपणे मंजूर केली.

आता मूळ मुद्दा. नेक्टिन-४ फक्त कॅन्सरच्या पेशींवर नसतं. ते त्वचेत असतं, केसांच्या मुळाशी असतं, घामाच्या ग्रंथींत असतं. म्हणून पुरळ येतं, केस जातात. क्वचित त्वचा सोलवटून निघण्याइतका गंभीर प्रकार होतो, त्याचा इशारा औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत छापलेला आहे आणि तो बहुधा पहिल्याच फेरीत उद्भवतो. ‘टार्गेटेड’ हा शब्द ऐकला की डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: हे टार्गेट शरीरात आणखी कुठे कुठे आहे? त्रास कुठे होणार ते बरंचसं त्या उत्तरात मिळतं.

अनुभव असतील तर लिहा. चुकलं असेल तर दुरुस्त करा.

---

माळरान_सांगली

ताई, फार सोपं करून सांगितलंत. मी द्राक्षबागायतदार. वाचताना सारखं ठिबक डोळ्यांसमोर येत होतं. पूर्वी पाटाने पाणी सोडायचो, निम्मं तणालाच जायचं. ठिबकमधून खत थेट मुळाशी जातं. हे तसंच म्हणायचं का?

रेवाकाठ

दादा, उपमा छान आहे, पण नेमकी याच ठिकाणी फसगत होते म्हणून जरा अडते. ठिबकची नळी वेलाच्या मुळापर्यंत नेलेली असते. इथे तशी नळी नाही. औषध हाताच्या शिरेतून आत जातं आणि पाटाच्या पाण्यासारखं सगळ्या अंगभर फिरतं. फरक इतकाच की ते चिकटतं नेक्टिन-४ असेल तिथे आणि फुटतं पेशीच्या आत गेल्यावर. बऱ्याचशा अँटीबॉडी गाठीपर्यंत पोचतच नाहीत. काही दुवे रक्तातच तुटतात आणि मोकळं झालेलं विष मज्जातंतूंना जाऊन लागतं. मज्जातंतूही सूक्ष्मनलिकांवरच चालतात, म्हणून बोटांना मुंग्या येतात.

माळरान_सांगली

समजलं. म्हणजे पाणी पाटानेच, फक्त खत असं की ते ठरावीक मुळालाच लागू पडावं. आणि त्या जातीची मुळं दुसरीकडेही असली तर तिथेही लागणार.

रेवाकाठ

अगदी बरोबर! पुढच्या फोनवर मी हेच सांगणार.

---

डॉ_कृष्णाकाठ

मी मेडिकल ऑन्कॉलॉजीत आहे. धागा चांगला आहे, आकडे बरोबर आहेत. एका गोष्टीवर मात्र थोडं थांबायला हवं. ‘एक औषध ओळख पटवतं आणि दुसरं ब्रेक काढतं’ ही गोष्ट इतकी देखणी आहे की आपण ती सिद्ध झाली असं धरून चालतो. प्रयोगशाळेत आणि उंदरांत ती दिसते. रुग्णांमध्ये नेमकं हेच घडतं, हे अजून तितक्या ठामपणे म्हणता येत नाही.

याच औषधाच्या आधीच्या ईव्ही-१०३ चाचणीतला ‘के’ गट बघा. त्यात काही रुग्णांना एकटं एन्फोर्टुमॅब दिलं, काहींना जोडी. एकट्याने गाठ लक्षणीय आक्रसलेले ४५.२ टक्के, जोडीने ६४.५ टक्के. पेम्ब्रोलिझुमॅब एकटं दिलं तर या रोगात साधारण पंचवीस ते तीस टक्के रुग्णांना उपयोग होतो. काही रुग्ण एकाने बरे होणारे, काही दुसऱ्याने, अशी नुसती बेरीज धरली तरी साठीच्या घरात पोचता येतं. तेव्हा दोन औषधं एकमेकांना खरोखर बळ देतात, की दोन चांगली औषधं शेजारी शेजारी आपापलं काम करतात, हा प्रश्न खुला आहे.

दुसरी बाजूही सांगतो. हेच पेम्ब्रोलिझुमॅब साध्या केमोला जोडून पाहिलं होतं, कीनोट-३६१ मध्ये. ठरवलेल्या कसोटीवर ती चाचणी उतरली नाही. म्हणजे कशाला जोडता याला अर्थ आहे. पण त्याच माद्रिदच्या परिषदेत निव्होलुमॅब (हेही पीडी-१ चा ब्रेक काढणारं औषध) आणि जेमसायटाबिन-सिसप्लॅटिनचा निकालही आला, चेकमेट-९०१. त्यात आयुष्य १८.९ वरून २१.७ महिन्यांवर गेलं. साधी केमो प्रतिकारशक्तीला मारकच असते, असा सरसकट नियम त्यामुळे करता येत नाही.

आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये काय झालं तेही लक्षात असू द्या. ट्रास्टुझुमॅब एम्टान्सिन हेही अँटीबॉडीवर चढवलेलं विषच. त्याला ॲटेझोलिझुमॅब हे असंच ब्रेक सोडवणारं औषध जोडून केट-२ चाचणी झाली. एकूण रुग्णांत रोग थोपवण्याचा काळ म्हणण्यासारखा वाढला नाही, त्रास मात्र वाढला. कागदावर तिथेही गोष्ट हीच होती.

रेवाकाठ

डॉक्टर, मनापासून आभार. मी ते वाक्य जास्त ठाम लिहिलं, हे मान्य. केट-२ माझ्या लक्षात होतं पण लिहिलं नाही, ते लिहायला हवं होतं. टेबलावर मला जे यश दिसतं त्याच्या मागे अशा न जमलेल्या जोड्या आहेत, हे घरच्यांना माहीत असलं पाहिजे. नाहीतर प्रत्येक कॅन्सरला ‘ती जोडी द्या ना’ म्हणून आग्रह होतो.

तरी माझं मन एका ठिकाणी अडतं. जोडीमुळे ज्यांची गाठ पूर्ण दिसेनाशी झाली, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत ती बराच काळ तशीच राहते. विषाने मिळालेला परिणाम सहसा इतका टिकत नाही. टिकून राहणं ही प्रतिकारशक्तीची खूण असते ना?

डॉ_कृष्णाकाठ

तुमचा तर्क योग्य दिशेने आहे आणि आम्ही सगळे त्याच आशेने बघतोय. फक्त तर्क आणि पुरावा यांच्यामधली रेघ पुसू नये एवढंच. रुग्णाच्या दृष्टीने बघाल तर बेरीज असो की गुणाकार, ३१.५ हा आकडा खरा आहे.

---

निशिगंध

मी पुण्यात नॅनोकणांवर पीएचडी करतेय. अँटीबॉडीऐवजी चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांतून औषध पोचवायचं, हा आमचा प्रांत. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध असं चरबीच्या कवचात भरून द्यायला अमेरिकेत १९९५ मध्येच मान्यता मिळाली.

आमच्या क्षेत्रात एक आकडा सगळ्यांच्या उरावर बसलेला आहे. टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये आधीची दहा वर्षं छापून आलेले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र केले आणि मोजलं. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणारे कण, मध्यक, ०.७ टक्के. शंभरातला एकही नाही. बाकीचं बरंचसं यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात. तो लेख पहिल्यांदा वाचला त्या दिवशी मी प्रयोगशाळेतून लवकर घरी गेले होते.

पण मग मार्गदर्शक म्हणाल्या की, यकृत-प्लीहेत, लसिकाग्रंथींत कण जातात ही अडचण कुणासाठी? गाठीला मारायचं असेल तर अडचण. प्रतिकारशक्तीला शिकवायचं असेल तर तीच तर शाळा आहे! लसिकाग्रंथीतच टी पेशी शिकतात. गाठीपर्यंत पोचायचं काम मग त्या टी पेशी करतील.

एमआरएनए लसी याच वाटेने चालल्यात. रुग्णाच्या स्वतःच्या गाठीतले बदल वाचायचे, त्यांतले जास्तीत जास्त ३४ निवडायचे आणि फक्त त्या रुग्णापुरती लस चरबीच्या कणांत भरून दंडात द्यायची, सोबत पेम्ब्रोलिझुमॅब. त्वचेच्या मेलॅनोमा कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेनंतर १५७ रुग्णांवर ही चाचणी झाली. नुसत्या पेम्ब्रोलिझुमॅबच्या तुलनेत रोग परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्के कमी दिसला. चाचणी लहान आहे, मोठी सुरू आहे. पण ‘नेमकं पोचवणं’ म्हणजे फक्त गाठीवर पोचवणं नव्हे, हे मला त्यातून कळलं.

रेवाकाठ

निशिगंध, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा व्हावा इतका मोलाचा आहे. लिहाच.

प्राजक्तफुलं

वाचनखूण साठवली. निशिगंधच्या धाग्याची वाट बघतेय.

---

अनुजा_ठाणे

माझ्या बाबांना मूत्राशयाचाच कॅन्सर आहे, पण पसरलेला नाही. दुर्बिणीने गाठ काढली आणि आता दर आठवड्याला लघवीच्या पिशवीत बीसीजी सोडतात. आम्हाला कुणी इम्युनोथेरपी म्हणालं नाही. बीसीजी म्हणजे लहानपणी दंडावर देतात तीच ना? मग ती कॅन्सरला कशी? वरची जोडी बाबांना आत्ताच दिली तर लवकर बरं वाटेल का? बाबा विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही.

डॉ_कृष्णाकाठ

अनुजाताई, तुमचे बाबा घेतात ती इम्युनोथेरपीच आहे, आणि या धाग्याच्या विषयात अगदी चपखल बसणारी. हो, दंडावर खूण राहते तीच बीसीजी, क्षयाच्या लशीतला जिवंत पण दुबळा केलेला जंतू, फक्त मात्रा कितीतरी मोठी. कॅनडात अल्व्हारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये नऊ रुग्णांवरचे अनुभव छापले, तिथून हा उपचार रुळला. आजही वरच्या थरापुरत्या पण जोखमीच्या गाठींसाठी पहिली निवड तीच. नळीने पिशवीत सोडतात, साधारण दोन तास लघवी धरून ठेवायला सांगतात. जंतू आतल्या अस्तराला चिकटतो, तिथे दाह होतो आणि प्रतिकारक पेशी गोळा होतात. उरलेल्या कॅन्सरपेशी त्या माऱ्यात सापडतात.

औषध हवं तिथेच ठेवणं आणि प्रतिकारशक्ती जागी करणं, दोन्ही एकाच नळीतून. जगात बीसीजीचा तुटवडा पडतो तेव्हा अमेरिकेतले रुग्णही रांगेत असतात. आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट मूत्राशयासाठीची बीसीजी बनवते, हे बाबांना जरूर सांगा.

वरची जोडी पसरलेल्या रोगासाठी मंजूर झालेली आहे. बाबांच्या टप्प्यावर बीसीजी पूर्ण करणं, ठरलेल्या तारखांची दुर्बिणीची तपासणी न चुकवणं आणि तंबाखू-विडी असेल तर ती बंद, हेच त्यांचं औषध. ताप १०१ च्या वर गेला आणि उतरेना, किंवा थंडी वाजून आली तर मात्र पुढच्या डोसची वाट न बघता लगेच डॉक्टरांना कळवायचं. जंतू जिवंत असतो म्हणून.

अनुजा_ठाणे

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ‘पुण्याचं औषध आहे’ यावर ते खूश आहेत, आमचं आजोळ हडपसरचं. विडी गेल्या दिवाळीत सुटली.

---

वाटसरू७१

सगळं वाचतोय, माहिती मोठी आहे. पण खरं बोलू का? एका सलाईनला लाखांत पैसे लागतात, तेही दर तीन आठवड्यांनी. माझ्या थोरल्या भावाला तोंडाचा कॅन्सर झाला. डॉक्टर म्हणाले, इम्युनोथेरपीचा उपयोग होईल. आकडा सांगितला तेव्हा वहिनी खुर्चीवरून उठून बाहेर गेल्या. आमची चार एकर कोरडवाहू. २०१९ ची गोष्ट. भाऊ सात महिने होता. अमेरिकेतल्या टाळ्या ऐकून आम्ही काय करायचं?

रेवाकाठ

दादा, तुमच्या भावाबद्दल वाचून फार वाईट वाटलं. तुमचा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याला पुरं पडेल असं उत्तर नाही. मी जी बाटली तयार करते तिचा दर मला माहीत असतो. उरलेलं औषध नियमाप्रमाणे टाकून द्यावं लागतं तेव्हा हात जड होतो.

डॉ_कृष्णाकाठ

वाटसरूदादा, तुमच्या भावाच्याच आजारावर मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये एक चाचणी झाली, तिचा निकाल २०२२ मध्ये आला. तुमच्या घराला उशीर झाला याचं मला दुःख आहे, पण इथे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून सांगतो.

निव्होलुमॅब हे पेम्ब्रोलिझुमॅबसारखंच ब्रेक काढणारं औषध. प्रौढाला नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. टाटातल्या डॉक्टरांनी विचारलं, ब्रेक काढायला खरंच इतकं लागतं का? त्यांनी तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं. जोडीला तीन स्वस्त गोळ्या: मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब. यातली एर्लोटिनिब ही ठरावीक लक्ष्यावर काम करणारी गोळी. चाचणीत डोकं-मान-तोंडाच्या पुढे गेलेल्या कॅन्सरचे १५१ रुग्ण होते. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर १६.३ टक्के रुग्ण हयात होते, २० मिलिग्रॅम जोडल्यावर ४३.४ टक्के.

मध्यक आयुष्य ६.७ वरून १०.१ महिने झालं. हा आकडा माद्रिदच्या आकड्यासमोर छोटा दिसेल. पण ज्यांना काहीच मिळणार नव्हतं अशांसाठी तो आहे, आणि तो परळमध्ये मोजलाय. तेव्हा कुणाच्या घरी असा प्रसंग आला तर ‘परवडत नाही’ म्हणून उठून जाण्याआधी कमी डोसबद्दल डॉक्टरांना नाव घेऊन विचारा. प्रत्येक कॅन्सरला तो लागू नाही. एन्फोर्टुमॅबसारख्या औषधाला तर हा हिशेब चालतच नाही, कारण तिथे विष किती पोचतं यावर सगळं अवलंबून आहे. ब्रेक काढणाऱ्या औषधांचं तसं नाही, थोड्या मात्रेतही पीडी-१ झाकलं जातं.

वाटसरू७१

नाव लिहून घेतलं. गावात तंबाखू खाणारे शंभर जण आहेत. उपयोगी पडेल. धन्यवाद डॉक्टर.

---

सह्यकडा

मी टेक्सासमध्ये असतो. माझे सासरे, वय ७१, हीच जोडी घेत आहेत, पाच फेऱ्या झाल्या. तीन आठवड्यांची एक फेरी, त्यात पहिल्या आणि आठव्या दिवशी एन्फोर्टुमॅब, पहिल्याच दिवशी पेम्ब्रोलिझुमॅबही. तिसऱ्या फेरीनंतरच्या स्कॅनमध्ये यकृतातले डाग जवळजवळ गेले होते. त्या दिवशी सासूबाईंनी शिरा केला.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक म्हणजे ते शर्टाची बटणं लावायला फार वेळ घेतात. विचारलं तर ‘काही नाही, थंडी आहे’ म्हणतात. दुसरं, त्यांना मधुमेह आहे, गोळ्यांवर नीट असायचा. आता सकाळची साखर २१०-२२० येते. आम्ही गोड पूर्ण बंद केलं तरी. आठव्या दिवशीचा डोस परवा आहे.

रेवाकाठ

दादा, दोन्ही गोष्टी आज फोन करून कळवा, परवापर्यंत थांबू नका.

बटणं: हे थंडीमुळे नसावं. एमएमएईमुळे बोटांच्या टोकांची जाणीव जाते, ही जोडी घेणाऱ्या निम्म्याहून अधिक जणांना कमी-जास्त प्रमाणात हे होतं. रुग्ण लपवतात, कारण त्यांना वाटतं औषध बंद करतील. त्यांना सांगा की लवकर कळलं तर डोस थोडा थांबवून किंवा १.२५ वरून १ मिलिग्रॅम प्रति किलोवर आणून पुढे चालू ठेवता येतो. लपवून लपवून चालणं अवघड झालं तर मात्र खरोखर कायमचं बंद करावं लागतं. घरी तुम्ही बघायचं ते हेच: बटणं, चपलेचा पट्टा, नाणं उचलणं, रात्री बाथरूमला जाताना पाय कसा टाकतात.

साखर: शिरा बंद करून ही साखर उतरणार नाही, ती औषधाने वाढते. माहितीपत्रकातच आहे की २५० च्या वर गेली तर डोस द्यायचा नाही, आणि कुणाकुणाला ती फार झपाट्याने चढते. उलट्या, खूप तहान, श्वास जोरजोरात, असं काही झालं तर थेट इमर्जन्सीत न्या.

डॉ_कृष्णाकाठ

रेवाकाठ यांनी लिहिलं ते तंतोतंत. एक भर घालतो. कोरडा खोकला किंवा जिना चढताना नव्याने लागणारी धाप, वारंवार पातळ शौच, अचानक आलेला प्रचंड थकवा, हे पेम्ब्रोलिझुमॅबच्या बाजूचे त्रास असू शकतात. ब्रेक काढल्यावर टी पेशी फुप्फुसावर, आतड्यावर, थायरॉइडवर जातात. हे त्रास कधीकधी महिन्यांनी येतात, औषध थांबल्यावरही. तेव्हा दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी पहिलं वाक्य हेच हवं की ‘यांची इम्युनोथेरपी चालू आहे’ किंवा ‘झालेली आहे’. स्टेरॉइड द्यावं लागलं तर घाबरू नका. त्याने आधीची मेहनत वाया जाते, अशी भीती घालतात, ती धरून बसू नका.

सह्यकडा

लगेच फोन केला. नर्सने आजच बोलावून रक्त तपासलं. साखर २६८. परवाचा डोस पुढे ढकलला, इन्सुलिन सुरू केलं. बोटांची तपासणी केली तेव्हा डोळे मिटून हातातलं नाणं कुठलं ते त्यांना सांगता येईना. सासरे गप्प झाले, मग म्हणाले, ‘दीड महिना झाला, सांगितलं नाही.’

रेवाकाठ

बरं झालं कळलं. काकांना माझा नमस्कार सांगा, रागावू नका त्यांच्यावर.

सह्यकडा

(बारा दिवसांनी) साखर १६०-१७० वर आली. आज कमी डोसने पुन्हा सुरू केलं, १ मिलिग्रॅम. सासूबाईंनी त्यांच्या चारही शर्टांना बटणांच्या जागी आतून वेल्क्रो शिवलंय, बटणं वरून नुसती दिसायला. आज तो निळा शर्ट घालून गेले होते.